बोटाचा होकार

"देवीला सांगायला जाशील तेव्हा नाव-गाव पुरतं सांग गो बाय. अर्ध्या पत्त्यावर टपाल जात नाय, देवी कुठून जायची?"

हौसाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सासूचा हा आवाज नम्रताच्या कानातून काही गेला नव्हता. म्हणून लेकीसाठी नवलाईच्या देवळात गेली तेव्हा तिने काहीच हातचं राखलं नाही. धोंडू गुरवाच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. शमिका, रत्नागिरीच्या शाळेत बालवर्गाची बाई. गेल्या पावसापासून पोरीची छाती धडधडते, एसटीत बसली की जीव घाबरा होतो, डोळ्याला डोळा लागत नाही. अमक्या डॉक्टरांकडे जाते, तमक्या गोळ्या घेते. गोळीचं नावसुद्धा तिने घरून पाठ करून नेलं होतं.

आंबेकोंड या त्यांच्या वाडीतली रीतच तशी. ज्याला देवीपुढे काही मांडायचं त्याने गुरवाला हळू सांगायचं आणि गुरवाने ते गाऱ्हाणं खणखणीत आवाजात देवीला घालायचं. जमलेल्या माणसांनी वाक्यावाक्याला "व्हय महाराजा" म्हणून होकार द्यायचा. होकार कमी पडला तर गाऱ्हाणं लंगडं होतं, असं मानतात. आणि दुसरी रीत याहून जुनी: देवळात ऐकलं ते देवळाच्या पायरीवर ठेवून घरी जायचं. आज हिच्या घरचं, उद्या आपल्या. त्यामुळे कुणाच्या घरातलं काय काय त्या सभामंडपात बोललं गेलं असेल, पण विहिरीवर त्यातला शब्द कधी निघाला नाही.

आता मात्र सभामंडपाच्या तुळईवर एक कॅमेरा बसला होता.

'देवदारी' नावाच्या कुठल्याशा कंपनीने तो फुकट दिला होता. दूर राहूनही दर्शन घडावं अशी मुंबईकर मंडळाची मागणी होती, आणि नम्रताच्या पुतण्याने, हर्षदने, शिडी लावून तो बसवला. तेव्हा कुणाला वाईट वाटलं नव्हतं. नम्रताला तर नाहीच. तिचा नवरा तेलाच्या जहाजावर. कुठल्या समुद्रात आहे ते त्यालाही धड सांगता यायचं नाही. पण मध्येच फोन करून म्हणायचा, "आज आरतीला घंटा उशिरा झाली गो. धोंडू झोपला होता काय?" एवढ्या पाण्यापलीकडून त्याला आपल्या देवळातली घंटा ऐकू जाते, याचं तिला अप्रूप वाटायचं. ती हसून कंपनीचं कल्याण चिंतायची.

गाऱ्हाणं घालून आठवडा उलटला नसेल. सकाळची वेळ होती. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन, हा नम्रताचा रोजचा नेम. देवांना आंघोळ घालून ती गंध उगाळत होती, तेवढ्यात शेजारची काशी फोन पुढे धरूनच आत आली.

"वहिनी, बघितलंत काय? आपल्या शमीचं गाऱ्हाणं कुठं कुठं गेलंय. मस्कतवरनं माणसं होकार देतायत." काशीचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मी रात्रीच आमच्या माहेरच्या ग्रुपला पाठवलं. म्हटलं, होकार वाढला तर देवीला लवकर ऐकू जाईल. हे बघा ना."

नम्रताने बघितलं. धोंडू गुरव हात जोडून उभा, बाजूला पदर डोळ्याला लावलेली ती स्वतः. वर काळ्या पट्टीत लाल अक्षरं: 'देवीसमोर आईने सांगितलं मुलीचं दुखणं, शेवटपर्यंत बघा.' मागून व्हायोलिनचे रडके सूर येत होते. देवळात त्या दिवशी कुणी वाजवलेले नव्हते. धोंडूचा आवाज मात्र खरा होता. शमिकाचं नाव, शाळेचं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्या. एकही शब्द गळला नव्हता. आणि खाली ओळीवर ओळ: व्हय महाराजा. व्हय महाराजा. हात जोडलेली चित्रं. काशी, काशीचा भाऊ, वाडीतले, विरारचे, कळव्याचे, ओळखीचे, बिनओळखीचे.

"भाऊंनी पण दिलाय बघा," काशीने बोट ठेवलं. जहाजाच्या नांगराच्या चित्राशेजारी नवऱ्याचं नाव होतं. व्हय महाराजा.

नम्रताच्या हातातलं सहाणेवरचं खोड थांबलं. बोलता येत नव्हतं. नेम मोडून बोलली असती तरी पहिला शब्द कुठला काढायचा, हे तिला कळलं नसतं. काशी तिच्या गप्पपणाला भक्ती समजली आणि "पूजा होऊ दे, मग या," म्हणून गेली.

ती पूजा कशी झाली ते देवालाच ठाऊक. वात दोनदा विझली. अथर्वशीर्षाच्या मध्येच भलत्याच स्तोत्राची ओळ तोंडात आली. फुलं वाहिली ती एकाच देवाच्या डोक्यावर पडली, बाकीचे कोरडेच राहिले. नमस्कार करून ती तशीच अनवाणी काशीच्या दारात गेली.

"शमी गाडीत चढताना दिसली गो तुला?"

"सकाळच्याच गाडीनं गेली. का?"

दुपार व्हायच्या आत शमिका परत आली. रिक्षातून उतरली, पायरीवर चपला जोडून ठेवल्या, हात-पाय धुतले. रडली असती तर नम्रताला काही सुचलं असतं. ती रडलीही नाही. पालकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता. एका आईने लिहिलं होतं, 'ह्याच टीचर ना? यांच्याकडे मुलं ठेवायची का?' मोठ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी खोलीत बसवून पाणी दिलं. म्हणाल्या, दोन दिवस घरी राहा, सोमवारी ये, मग बघू. शमिकाने हे सगळं हजेरी वाचावी तसं सांगितलं.

मग म्हणाली, "आई, तू देवीला सांगितलंस ना?"

"हो गो."

"तेवढं पुरलं असतं."

आणि आत गेली. कडीचा आवाज आला. त्या घरात दिवसा कडी कधी लागत नसे.

नम्रताने भात टाकला, उतरवला, वाढायचं विसरली. अंगणात गेली, परत आली. आंब्यांना मोहोर आला होता, फवारणीवाले कलमांच्या बागेत ओरडत होते, आणि तिला वाटत होतं की तेसुद्धा तेच बोलतायत. शेवटी पदर खोचून ती थोरल्या दिरांच्या घरी गेली.

हर्षद पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याला आधीच कळलेलं होतं; मान वर होईना. त्याचे वडील सखाराम, ट्रॉलरच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल, म्हणून जन्म काढलेला माणूस, खांबाला टेकून सुपारी कातरत होते.

"काकी, देवळाच्या पानावरनं मी काढला," हर्षद म्हणाला. "पण त्याच्या आधीच लोकांनी उतरवून घेतला. आता तो ह्याच्या त्याच्या पानावर हाय."

"मी तर देवळात सांगितलं. त्याची अशी कात्रणं कुणी केली?"

"कुणी नाय. कंपनीचं यंत्र करतं, आपोआप. दिवसभराच्या चित्रणातलं काय लोक बघतील ते कापून काढतं, वर मथळा घालतं."

"मग कंपनीला सांग, चूक झाली, काढा."

"सांगितलं. हे उत्तर आलं." त्याने वाचून दाखवलं: 'आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. तपासणीत हा मजकूर आमच्या नियमांविरुद्ध आढळला नाही.'

"तपासला कुणी?"

"यंत्रानं."

"आणि तक्रार वाचली कुणी?"

हर्षदने पडद्याकडेच बोट दाखवलं.

"तेच ते," सखाराम म्हणाले. "चोर पण तोच आणि फौजदार पण तोच. माणूस असता तर लाजला असता."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

"का नको? कॅमेरा फुकट आला तेव्हाच बोललो होतो. गळाला लावलेली कोळंबी माशाला फुकटच असते."

"आणि रोज सकाळी त्याच्यावर दर्शन कोण घेतं?"

"घेतो. मासा पण घेतोच," सखाराम शांतपणे म्हणाले आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

नम्रता हलकेच पायरीवर बसली. "त्याला काही कुलूप-बिलूप नसतं का रे?"

"पासवर्ड हाय ना."

"नवलाई एक दोन तीन," सखारामांनी सांगून टाकलं. "फळ्यावर लिहिलाय, आरतीच्या वेळांच्या खाली. वाडीतलं शेंबडं पोरगं सांगेल. विचार त्याला, लावताना काय काय कबूल केलंन ते."

"पानंच्या पानं इंग्रजी होती, काकी," हर्षद म्हणाला. "कोण वाचतं? खाली 'होय' होतं. मी होय, होय दाबत गेलो."

"आम्ही देवीपुढं होय म्हणतो, ह्यानं कंपनीपुढं म्हटलं. देवी निदान आधी ऐकून घेते."

हर्षदला ते लागलं. त्याने लॅपटॉप मिटला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, रागावू नका. पण पसरला तो आपल्याच माणसांमुळं. ज्याच्याखाली माणसं जास्त लिहितात ते यंत्र पुढं ढकलतं. आपल्याकडं गाऱ्हाणं ऐकलं की होकार द्यायचा, ही सवय. ज्यानं ज्यानं बघितला त्यानं लिहिलं. यंत्राला काय कळणार होकार म्हणजे काय? त्याला वाटलं, इथं काहीतरी मोठं चाललंय. त्यानं मुंबईला दाखवला, त्यांनी होकार दिला. मस्कतला दाखवला, त्यांनी दिला. मी पण दिला होता," तो म्हणाला. "काकांनी पण."

नम्रताला नवऱ्याचा तो नांगर आठवला. डेकवर एका हाताने टोपी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने अक्षरं उमटवली असतील. लेकीचं भलं व्हावं म्हणून. प्रत्येकाने भलं व्हावं म्हणूनच एकेक धोंडा ठेवला, आणि पोरगी खाली दबली.

"होकार काढून घेतले तर?" तिने विचारलं.

"तर थोडं थंडावेल. आणि आपल्याकडच्या फोनांतनं पुसलं तर पुढं जायचं थांबेल. बाकी जगातनं नाय जाणार, काकी. खोटं कशाला सांगू?"

वाटेत फोन वाजला. आवाज मऊ होता, लोण्यासारखा. "ताई, मी निलेश. 'सागरवाणी लाइव्ह'मधून. तुमची बाजू मांडायला दहा मिनिटं देता का?"

"बाजू कसली? भांडण कुठं हाय?"

"लोकांना काळजी वाटतेय ना, ताई. तुमची मुलगी कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलली तर..."

"काळजी वाटते तर तुमच्याकडचा काढा."

"आम्ही काढला तर दुसरे टाकतील. आम्ही निदान आदराने दाखवतो."

"ती रडकी वाजंत्री तुम्हीच लावलीत का?"

"ते आपोआप लागतं, ताई."

तिने फोन बंद केला. त्यावर पुन्हा पुन्हा निलेशचं नाव उजळत राहिलं, म्हणून तो पिशवीत तळाशी घातला. कात्री आपोआप, मथळा आपोआप, वाजंत्री आपोआप. केलं कुणीच नव्हतं आणि झालं सगळं होतं. देवाघरी याचा जाब कुणाच्या नावावर मांडत असतील, असा विचार तिच्या मनात आला.

दिवेलागणीला शमिका मागच्या पडवीत येऊन बसली. नम्रता तुळशीपुढे दिवा ठेवत होती. दिवा ठेवून ती लेकीजवळ जरा अंतर राखूनच बसली.

"मी मामाकडे विरारला जाते," शमिका म्हणाली. "तिथं मला कोण ओळखत नाही."

"आणि तुझी पोरं? अ-आ-ई कोण शिकवणार त्यांना?"

"आई, मला माहीत आहे तू मुद्दाम नाही केलंस. पण हे जात नसतं. इंटरनेटवरून काही जात नाही."

"इंटरनेटवर राहतं कोण?" नम्रताने विचारलं. "आपल्या ओळखीचं राहतं का कोण तिथं?"

शमिकाला नको असताना जरासं हसू आलं. मग ते गेलं. पायाच्या अंगठ्याने ती जमीन उकरत राहिली. "मस्कतचा माणूस मला काय करणार? मला त्याचं नाही वाटत. पण एसटीत शेजारी सरोजमावशी बसते. तिच्या मांडीवरच्या फोनात माझ्या गोळ्यांचं नाव आहे. कंडक्टरच्या फोनात आहे. दुकानात साखर घ्यायला गेले तर तिथं आहे. मी कुणाशी बोलत असले तरी मला तेच दिसणार. ते नाही सोसत."

म्हणजे पोरीला छळत होतं ते जग नव्हतं. वाडी होती, खालचा थांबा होता आणि गाडीतली रोजची माणसं. नम्रताच्या छातीवरचं काहीतरी जरा सरकलं. उतरलं नाही, पण सरकलं.

"सोमवारी तू शाळेत जा," ती म्हणाली. "त्याच्या आधी ह्या वाडीत नि थांब्यापर्यंत एका फोनात ते राहणार नाय. मी शब्द देते."

"कशी काढशील? तुला तुझ्या फोनातला गजर बंद करता येत नाही."

"शिकेन."

शमिका उठून आत गेली. पण त्या रात्री तिने दाराला कडी लावली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

शनिवारी सकाळी नेम आटपून नम्रता आधी काशीकडेच गेली. काशी ऐकता ऐकता पांढरी पडली. फोनातला व्हिडिओ तिने लगेच पुढे केला. "काढा, काढा. मला मेलीला काय माहीत." पण होकाराचं निघालं तशी ती दोन पावलं मागे सरली.

"ते नाय हां वहिनी. देवीला दिलेला होकार मागं घेऊ? माझ्या घरात पोरंबाळं हायत. उद्या कमी-जास्त झालं तर?"

"देवीला नाय गो, कंपनीच्या यंत्राला दिलास तू."

"मनात माझ्या देवीच होती ना?"

नम्रतालाही तीच भीती वाटत होती. काशी जे बोलली तेच प्रत्येक घरात ऐकायला मिळणार, हेही तिला दिसलं. ती तशीच देवळाकडे वळली.

कॅमेऱ्यावर एक जुनी मासळीची टोपली पालथी बांधलेली होती. गाठ कोळ्याची होती. कुणी बांधली ते विचारायची गरज नव्हती. धोंडू गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी अबोलीची वेणी करत बसला होता.

"मंडळाचा मुंबईहून फोन येऊन गेला," तो टोपलीकडे न बघता म्हणाला. "देवी दिसत नाय म्हणून. मी म्हटलं, देवी जाग्यावर हाय."

नम्रताने काशीचं म्हणणं सांगितलं. धोंडूने वेणी खाली ठेवली. तो पटकन बोलणारा माणूस नव्हता.

"माझ्याच आवाजानं झालं ते," शेवटी तो म्हणाला. "मोठ्यानं बोलायची सवय. बापानं लावलेली."

"तुम्हाला कोण बोल लावतंय?"

"होकार तोंडाचा असतो, बाय. इथं उभं राहून, देवीच्या कानावर. बोटाचा होकार माझ्या बापानं मोजला नाय, मी पण मोजलेला नाय. तो ठेवला काय, काढला काय."

"मग काढला तर दोष नाय?"

"दोष नाय. पण भीती असते माणसाला, ती अशी सांगून जात नाय." त्याने गाभाऱ्यात नजर टाकली. "ज्याला वाटेल त्याला संध्याकाळी इथं पाठव. तोंडानं परत देऊ दे. मी गाऱ्हाणं पुन्हा घालतो. हळू घालीन."

घरी परत येऊन तिने हर्षदला बोलावलं. पुसायच्या जागा तीन होत्या. निरोप आला तिथून काढायचं, मग फोटोंत जाऊन काढायचं, मग फोनाचा एक कचऱ्याचा डबा असतो, तो रिकामा करायचा. "तिथं नाय गेलात तर पोरगं रुसून बसतं तसं ते महिनाभर तिथंच बसून असतं," हर्षद म्हणाला. होकार काढायची जागा निराळी. तिने ते सगळं आधी स्वतःच्या फोनावर केलं, आणि तेव्हा दिसलं की तो व्हिडिओ तिच्याही फोनात होता. काशीने पाठवलेला, न उघडता आपोआप उतरलेला. बोट चुकीच्या जागी पडलं आणि धोंडूचा आवाज घुमू लागला, व्हायोलिनसकट. तिने तळवा पडद्यावर गच्च दाबून धरला. आत शमिका होती.

"हितं दाबा, काकी," हर्षद कुजबुजला.

दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. मग नवऱ्याला तिने आवाजी निरोप ठेवला: "तुम्ही दिलेला होकार तेवढा काढा. घरी याल तेव्हा देवळात द्या. शमी बरी हाय. मी सांगते म्हणून काढा." निरोप पोचल्याची खूण उमटली नाही. जहाज कुठे होतं कोण जाणे.

उन्हं अंगणात आली होती. तिने शमिकाचं ताट वाढून झाकून ठेवलं, चष्मा पुसून डोळ्यावर चढवला, पाण्याची बाटली पिशवीत घातली. दारात लोक काय काय विचारतील ते मनात उलटसुलट फिरत होतं. काही घरं चटकन ऐकतील. काही चहा घ्यायला लावून सगळं पुन्हा ऐकायला मागतील. सरोजच्या घरी सून फोनाला हात लावू देत नाही म्हणतात. थांब्यावरचा दुकानदार हसेल. कंडक्टरला गाठायचं तर उद्याच्या पहिल्या गाडीला उभं राहावं लागेल. सोमवारपर्यंत पुरं होईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

काशी कुंपणाशी आली. तिने आपला फोन पुढे धरला. होकाराची ओळ अजून तशीच होती.

"तुम्हीच काढा," ती म्हणाली. "मी संध्याकाळी देवळात येते."

नम्रताने चष्मा नाकावर घेतला, ओळीवर बोट दाबून धरलं आणि काढली. काशीने जोडलेले हात कपाळाला लावले.

"आता कुठं?"

"वरच्या घरापासनं सुरुवात करते."

तिने पायात चपला सरकवल्या, फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढायला लागली.